निल्सन यांचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो कसा ऐकावा

ज्यांचा कान रागसंगीतावर किंवा नाट्यसंगीतावर तयार झाला आहे आणि ज्यांना विसाव्या शतकातली पाश्चात्त्य अभिजात संगीताची एखादी रचना सावकाश, नीट लक्ष देऊन ऐकायची आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. त्यासाठी मी डेन्मार्कचे संगीतकार कार्ल निल्सन यांचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो निवडला आहे. कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची रचना. तो १९२८ सालचा असून साधारण पंचवीस मिनिटे सलग वाजतो. पहिल्या ऐकण्यात तो गोड वाटेलच असे नाही. काही ठिकाणी तो चक्क अंगावर येतो. मात्र त्यातले सगळे नाट्य मोजक्या खुणांवर उभे आहे आणि त्या खुणा एकदा कानात बसल्या की स्वरलिपी वाचता न येणाऱ्या श्रोत्याच्या हातूनही त्याचा धागा सुटत नाही.

ऐकण्याआधी थोडी पार्श्वभूमी माहीत असलेली बरी, कारण ही रचना एका विशिष्ट वादकासाठी आणि त्याचा स्वभाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. १९२१ साली निल्सन यांनी एका पियानोवादक मित्राला दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडे काही सुषिरवादक मोझार्टची एक रचना बसवत होते. तो मेळ दूरध्वनीतूनच त्यांच्या कानावर पडला आणि ते तिथे जाऊन पोहोचले. बासरी, ओबो (सनईच्या जातीचे वाद्य), क्लॅरिनेट, हॉर्न (पितळी वाद्य) आणि ‘बसून’ (खर्जात बोलणारे लाकडी वाद्य) ही फुंकवाद्ये वाजवणाऱ्या कोपनहेगनच्या या पाच वादकांसाठी त्यांनी १९२२ मध्ये एक पंचक लिहिले आणि पुढे या पाचही जणांना एकेक कॉन्चेर्टो देण्याचा संकल्प केला. पाचांपैकी दोनच लिहून झाले. बासरीचा १९२६ मध्ये आला आणि क्लॅरिनेटचा १९२८ मध्ये, ओवे ऑक्सेनवाद या वादकासाठी. हे ऑक्सेनवाद मायाळू होते तसेच चटकन भडकणारेही होते आणि त्यांचे हे दोन्ही रंग या संगीतात उतरले आहेत, असे त्यांना ओळखणाऱ्यांना वाटत असे. सप्टेंबर १९२८ मध्ये हुम्लेबेक या गावी खासगी बैठकीत आणि ११ ऑक्टोबर १९२८ रोजी कोपनहेगनमध्ये जाहीर कार्यक्रमात त्यांनीच तो प्रथम वाजवला. दोन्ही वेळी वाद्यवृंदाचे संचालन निल्सन यांचे जावई एमिल तेल्मान्यी यांनी केले. निल्सन त्या वेळी हृदयविकाराने त्रस्त होते आणि तीन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९३१ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यामुळे हा त्यांचा अखेरचा कॉन्चेर्टो ठरला.

आता वाद्याकडे वळू. क्लॅरिनेट आपल्याला परके नाही. लग्नाच्या वरातीतल्या बँडमध्ये सर्वांत पुढे राहून गाण्याची चाल वाजवणारे काळे, सरळ वाद्य तेच असते. पण या कॉन्चेर्टोसाठी त्याची एक गोष्ट मुळातून समजून घ्यावी लागते आणि ती बासरीशी तुलना केली की चटकन समजते. बासरीवर खालचा सा धरून जोराने फुंकले की तोच सा वरच्या सप्तकात मिळतो, सनईचेही तसेच. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ, सारख्या व्यासाची असते आणि जिभाळीच्या, म्हणजे फुंकताना थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीच्या, टोकाशी ती बंद नळीसारखी वागते. त्यामुळे त्याच बोटांनी वरची कळ उघडली की तार सा मिळत नाही, त्याच्याही पुढचा पंचम मिळतो. याचा परिणाम असा होतो की बोटांची ठेवण पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी वादकाला एका सप्तकाहून बरेच जास्त स्वर पार करावे लागतात. या वाद्याला म्हणून जणू दोन वेगळे आवाज आहेत. खालचा आवाज गडद, लाकडी आणि किंचित पोकळ असतो. वरचा तेजस्वी आणि पुढे तर टोचणारा होतो. दोघांच्या मधे काही स्वर असे येतात की त्यांत जवळजवळ सगळी छिद्रे उघडी असतात आणि नाद फिका पडतो. तिथून लगेच वरच्या आवाजात जायचे म्हणजे एका क्षणात सगळी बोटे खाली आणायची. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे रडवणारी ही जागा आहे.

निल्सन यांनी या जागेला वळसा घातला नाही. त्यांनी वादकाला पुन्हा पुन्हा या सांध्यावरून इकडून तिकडे धावायला लावले आहे, तेही वेगात आणि मोठमोठ्या उड्या घेत. निल्सन स्वतः क्लॅरिनेट वाजवत असले पाहिजेत, नाहीतर वाजवायला सर्वांत अवघड असे नेमके स्वर त्यांना सापडलेच नसते, अशा आशयाचे उद्गार ऑक्सेनवाद यांनी काढल्याचे सांगतात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने यातून एवढेच घ्यायचे, की एकटे क्लॅरिनेट दोन माणसे भांडत असल्यासारखे ऐकू येऊ लागले तर आपला कान चुकत नाही. वाद्याच्या अंगातच असलेली फट रचनाकाराने मुद्दाम उघडी केली आहे.

प्रत्यक्ष ऐकायला बसताना साधनाची निवड महत्त्वाची आहे. मी हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा लोकलच्या प्रवासात, मोबाइलवर, साध्या इअरफोनमधून ऐकला आणि त्याची मनात जी प्रतिमा झाली ती पूर्ण चुकीची होती. रचनेची सुरुवात चेलो आणि डबल बेस या खर्जातल्या तंतुवाद्यांवर होते. तो आरंभ गाडीच्या खडखडाटात बुडून गेला आणि मग मधेच उसळलेले क्लॅरिनेट कारण नसताना किंचाळल्यासारखे वाटले. त्या संतापामागे काही तरी आधी घडलेले असते, तेच माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून बंद खोलीत, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर किंवा खर्ज नीट देणाऱ्या स्पीकरवर ऐकावे. आवाजाची पातळी अगदी हळू भागांना धरून ठरवावी आणि मग मधे हात लावू नये. मोठ्या भागात आवाज कमी करण्याचा मोह झाला तर पुढचा हळू भाग हरवतो, आणि या रचनेत हळू भाग गमावण्याइतके मोठे नुकसान दुसरे नाही.

पहिल्या खेपेला काहीही शोधू नये. पंचवीस मिनिटे सलग ऐकावे, कागद-पेन्सिल दूर ठेवावी आणि फक्त वाद्यमेळाचा पोत लक्षात घ्यावा. इथे भव्य वाद्यवृंद नाही. तंतुवाद्ये, दोन बसून, दोन हॉर्न आणि एक स्नेअर ड्रम, एवढाच संसार आहे. बासरी नाही, ओबो नाही, ट्रम्पेट नाही, पखवाजासारखा घुमणारा टिम्पनी नाही. क्लॅरिनेटच्या पट्टीत त्याच्या नादाशी स्पर्धा करील असे दुसरे एकही फुंकवाद्य निल्सन यांनी ठेवलेले नाही आणि म्हणून हा एकल स्वर इतका उघडा, इतका एकाकी ऐकू येतो.

दुसऱ्या खेपेला ड्रमच्या मागे जावे. माझ्या मते या कॉन्चेर्टोत शिरण्याचे दार हेच आहे, आणि चाल शोधत बसणाऱ्या श्रोत्याला ते सापडत नाही. आपल्याकडच्या बँडवाले ज्याला साईड ड्रम म्हणतात तो हाच. त्याच्या खालच्या चामड्याला लागून बारीक तारा ताणलेल्या असतात आणि वर काठी पडली की त्या तारा थरथरून कोरडा, कडकडीत आवाज देतात. निल्सन यांना हा आवाज लहानपणापासून ओळखीचा होता. डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या गरीब घरात १८६५ साली जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी ओडेन्स शहरातल्या लष्करी बँडमध्ये बिगुल आणि ट्रॉम्बोन वाजवायला लागला होता. पुढे १९२२ च्या पाचव्या सिम्फनीत, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, त्यांनी याच ड्रमला बंडखोराची भूमिका दिली. तिथे एका जागी वादकाला अशी सूचना आहे की वाद्यवृंदाची वाटचाल कोणत्याही परिस्थितीत रोखायची आहे अशा आवेशात त्याने आपल्या मनाने वाजवावे. क्लॅरिनेट कॉन्चेर्टोमध्ये तोच ड्रम परत येतो, पण इथे त्याच्यासमोर सबंध वाद्यवृंद नसून एकच माणूस आहे.

या खेपेला कागद जवळ घ्यावा आणि ड्रम जेव्हा जेव्हा वाजेल तेव्हा घड्याळातली वेळ टिपावी. वेळेच्या समोर दोनच गोष्टी लिहाव्यात. ड्रम येण्याआधी क्लॅरिनेट शांत होते की चिडलेले, ही पहिली. आणि तो आल्यानंतर त्याचे काय झाले, ही दुसरी. मी असे केले तेव्हा माझ्या ध्यानात आले की ड्रम नुसता ताल धरण्यासाठी क्वचितच येतो. सगळे जरा निवळू लागले, आता समेट होईल असे वाटू लागले, की नेमका तो डिवचतो. आणि क्लॅरिनेट दर वेळी त्याच्या डिवचण्याला बळी पडते. काही ठिकाणी तर तंतुवाद्ये पूर्ण बाजूला होतात आणि दोघेच समोरासमोर उभे राहतात. जुगलबंदीची सवय असलेल्या आपल्या कानांना इथे सवाल-जवाबाची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण फरक लक्षात ठेवावा. आपल्या सवाल-जवाबात दोघे एकाच समेकडे निघालेले असतात. इथे ड्रमला सम नको आहे.

तिसऱ्या खेपेला स्वरांकडे लक्ष द्यावे, आणि इथे रागसंगीताची तालीम विलक्षण उपयोगी पडते. आपला कान कोणतेही संगीत सुरू झाले की आपोआप सा शोधतो. या रचनेत दोन सा आहेत आणि ते एकमेकांना जागा द्यायला तयार नाहीत. एक आहे पाश्चात्त्य पद्धतीतला एफ, म्हणजे पेटीवरची पांढरी चार. दुसरा आहे ई, म्हणजे पांढरी तीन. पेटीसमोर बसलेल्या कोणालाही दिसेल की या दोन पट्ट्यांच्या मधे काळी पट्टी नाही. त्या अगदी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांसारख्या आहेत, आणि स्वरांच्या नात्यात इतके जवळचे शेजारी एकमेकांपासून फार दूरचे असतात. पांढऱ्या चारमध्ये गायलेली चीज पांढऱ्या तीनमध्ये नेऊन पाहिली, तर दोन्ही सप्तकांत सामाईक असे स्वर जवळजवळ उरत नाहीत. रचना पांढऱ्या चारच्या घरात सुरू होते, ई तिथे घुसखोरी करीत राहतो, आणि एक जिंकला असे वाटते तोवर दुसरा डोके वर काढतो. ड्रम बाहेरून जे भांडण लावतो तेच भांडण स्वरांच्या आत असे चालू असते.

हे कानाने पडताळून पाहण्यासाठी पेटी किंवा कीबोर्ड जवळ घ्यावा. जुन्या पेट्यांची पट्टी पुष्कळदा प्रमाण स्वराहून थोडी वरखाली असते, म्हणून कीबोर्ड किंवा मोबाइलवरचा तंबोरा बरा. आधार स्वर सतत सुरू मात्र ठेवू नये. तसे केले तर निम्मी रचना बेसूर वाटेल आणि दोष आपल्या तंबोऱ्याचा असेल. एखादा प्रसंग संपल्यासारखा वाटला, की ध्वनिमुद्रण थांबवावे, शेवटचा स्थिर वाटणारा स्वर गुणगुणावा आणि मग पांढरी चार व पांढरी तीन आळीपाळीने हळूच दाबून तो कोणाच्या घरचा होता ते पाहावे. दहापैकी चार वेळा उत्तर दोन्हींपैकी एकही नसेल, कारण मधल्या वाटा पुष्कळ आहेत. त्याने खचून जाऊ नये. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे आणि शेवटची दोन मिनिटे एवढ्यापुरते हे जमले, तरी घराचा उंबरा कानाला समजतो, कारण इतक्या तंट्यानंतर रचना शेवटी हळुवारपणे पांढऱ्या चारवर येऊन थांबते.

रचनेचे चार भाग मधे न थांबता एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कोणता भाग कुठे सुरू झाला हे ओळखायला काही खुणा हव्यात. पहिला भाग खर्जातल्या तंतुवाद्यांच्या एका साध्या, गावरान चालीच्या सुरावटीने सुरू होतो. एखादा शेतकरी रमतगमत चालला आहे असे ते पाऊल आहे. तीच सुरावट एकामागून एक वाद्ये उचलत जातात आणि शेवटी ती क्लॅरिनेटच्या हाती येते. ही सुरावट पाठ होईपर्यंत पहिले मिनिट चार-पाच वेळा ऐकावे, असा माझा आग्रह आहे, कारण पुढचा पुष्कळ उद्रेक तिच्याच तुकड्यांतून घडवलेला आहे. दुसरा भाग संथ आहे. तिथे हॉर्न आणि बसून यांच्या सुरांमुळे हवा एकदम बदलते. तिसरा भाग अस्वस्थ, गिरक्या घेणारा, आणि चौथा चपळ. त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही, कारण ड्रम आणि दोन सा या वरच्या दोन खुणा घेऊन गेले की ते स्वतःच उलगडतात.

संथ भागावर मात्र थांबायला हवे. जिभाळीच्या वाद्यांत क्लॅरिनेटला एक देणगी आहे, ती म्हणजे शांततेतून स्वर उगवू देण्याची. ओबोचा स्वर सुरू होताना एक कड लागते. क्लॅरिनेटचा स्वर केव्हा सुरू झाला ते चांगल्या वादकाच्या बाबतीत सांगता येत नाही. संथ भागात क्लॅरिनेट पुन्हा सूर धरते तो क्षण शोधावा आणि तेवढाच दहा सेकंदांचा तुकडा डोळे मिटून तीनदा ऐकावा. आधी खोलीत नुसती हवा असते, मग काहीतरी आहे असे वाटू लागते, मग तो स्वर असतो. थोड्या वेळापूर्वी जे वाद्य ओरडत होते त्याच वाद्याला हे शक्य आहे, हे कळल्यावर ऑक्सेनवाद यांच्या स्वभावाविषयी जे बोलले जात असे ते चरित्रातल्या माहितीपुरते उरत नाही, कानाला पटते. गायकाने तार षड्जावरून उतरून मंद्रात श्वासाएवढा सूर लावावा आणि सभागृह स्तब्ध व्हावे, तसाच हा अनुभव आहे.

कॉन्चेर्टोत वादक एकटाच, वाद्यवृंदाच्या साथीविना वाजवतो त्या भागाला काडेंझा म्हणतात. पुष्कळ रचनांत ती कसब दाखवण्याची जागा असते, आणि श्रोतेही टाळ्यांच्या तयारीने तिची वाट पाहतात. इथे ती तशी ऐकू नये. साथ थांबलेली असते, समोर भांडायला कोणी नसते, तरीही क्लॅरिनेट शांत होत नाही. खालच्या आवाजात एक वाक्य, वरच्या आवाजात त्याला तोडून टाकणारे दुसरे, असे ते स्वतःशीच चाललेले असते. काडेंझा ऐकताना एका हाताने खालचे स्वर आणि दुसऱ्या हाताने वरचे स्वर हवेत दाखवत गेले, तर हे दुहेरी बोलणे अतिशय स्पष्ट होते. मुलांबरोबर ऐकताना हा उपाय विशेष चांगला चालतो.

ध्वनिमुद्रणे बरीच आहेत आणि एकच ऐकून थांबू नये. पहिले १९४७ चे, फ्रेंच वादक लुई काहुझाक यांचे. ते जुने असल्यामुळे नाद फिका आहे, पण वादनात ऐट आहे. जॅझमधले नामवंत बेनी गुडमन यांनी १९६६ मध्ये शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर हा कॉन्चेर्टो मुद्रित केला. सुरुवात करणाऱ्याने मार्टिन फ्रोस्ट यांचे लाहती सिम्फनीबरोबरचे, ओस्मो व्हॅन्स्का यांच्या संचालनाखालचे मुद्रण घ्यावे, असे मी सुचवीन. त्यात हळूपणा आणि भडका यांच्यातले अंतर सर्वांत ठळक आहे. त्यानंतर सबीने मायर यांचे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचे ऐकावे. तुलना करायची झाल्यास सबंध रचनेची करू नये. सुरुवातीचे मिनिट, ड्रमची पहिली झुंज आणि संथ भागातला तो उगवणारा स्वर, एवढ्या तीनच जागा प्रत्येक मुद्रणात ताडून पाहाव्यात.

ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येते त्यांना कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीने सिद्ध केलेली निल्सन यांची संशोधित आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. ती वाचताना एक सावधगिरी बाळगावी. हा कॉन्चेर्टो ए क्लॅरिनेटसाठी आहे आणि या वाद्याचा लिहिलेला स्वर प्रत्यक्षात तीन अर्धस्वर खाली वाजतो. त्यामुळे वर सांगितलेला एफ वादकाच्या कागदावर कोमल ए म्हणून दिसतो आणि ई हा जी म्हणून. हे ध्यानात न घेता क्लॅरिनेटची ओळ पेटीवर वाजवली, तर सगळेच चुकले असे वाटेल.

इतके झाल्यावर तीन-चार दिवस ही रचना बाजूला ठेवावी आणि मधल्या काळात १९२२ चे पंचक ऐकावे. त्याच्या अखेरच्या भागात एका साध्या स्तोत्रासारख्या चालीवर विस्तार केलेले आहेत. त्यांतल्या एका विस्तारात क्लॅरिनेट आणि बसून यांचा छोटासा तंटा आहे. क्लॅरिनेट उसळते, आदळआपट करते आणि बसून आपल्या जागेवरून हलत नाही. समोर वाद्यवृंद नाही, ड्रम नाही, अवघ्या काही क्षणांचा प्रसंग आहे. तो ऐकून मग कॉन्चेर्टोकडे परतावे आणि खर्जातल्या त्या गावरान पावलापासून पुन्हा सुरुवात करावी.